वर कुरळे, खाली सरळ: मधला सांधा सांभाळायचा कसा?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू खानापूरच्या बाजूची, वय २४. चार वर्षांपूर्वी कॉलेजात असताना स्मूदनिंग केलंस, म्हणजे रसायनानं केस कायमचे सरळ करून घेतलेस, नंतर मुळाशी वाढलेल्या केसांवर आणखी दोनदा. गेले सहा महिने काहीच केलेलं नाहीस. आता मुळाशी तुझे मूळचे कुरळे केस येतायत, खाली जुने सरळ केस कमरेपर्यंत लोंबतायत आणि मधेच तुटतायत. आठ महिन्यांवर लग्न आहे म्हणून आई कात्री लावू देत नाही. पार्लरवाली म्हणते, पर्मिंग करून घे, रसायनानं सगळेच कुरळे, एकसारखे होतील. आणि तू विचारतेस, न कापता केस पहिल्यासारखे कसे होतील?

मी बेळगावात शहापूर भागात २२ वर्षं पार्लर चालवते. पहिली बारा-तेरा वर्षं मी शेकडो जणींचे केस सरळ केले. आता माझ्याकडे जास्त करून तुझ्यासारख्याच मुली येतात, परत फिरायचं आहे म्हणून. त्यामुळे दोन्ही बाजू माझ्या हाताखालून गेल्यात.

आधी अवघड तेवढं सांगून टाकते. स्मूदनिंग केलेला केस पुन्हा कुरळा होत नाही. कुठल्याही तेलाने नाही, मास्कने नाही, वाट बघूनही नाही. केस कुरळा होतो तो डोक्याच्या कातडीत, मुळाच्या पिशवीच्या आकारामुळे. ती पिशवी क्रीमने बदललेली नाही, म्हणून नवीन केस कुरळाच येतोय. बाहेर आलेला केस मात्र निर्जीव धागा आहे. त्याला जे केलं ते त्याच्यात कायम राहतं.

काय केलं गेलं, तेही समजून घे. केसातलं केराटिन नावाचं प्रथिन गंधकाच्या बंधांनी एकमेकांना धरून असतं. स्मूदनिंगच्या पहिल्या क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट, थोडक्यात थायो, असतं, ते हे बंध सोडवतं. मग इस्त्री फिरवून केस सरळ ताणतात आणि दुसरं क्रीम लावतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते बंध पुन्हा जुळवतं, पण आता सरळ आकारात. सगळेच जुळत नाहीत. दर वेळी थोडे सुटलेले राहतात, म्हणून तो केस कायमचा अशक्त होतो.

इथे एक गोष्ट तुझी तूच आठवून बघायची आहे, कारण पुढचं बरंच तिच्यावर अवलंबून आहे. दोन क्रीम लावली होती का, मधे एकदा धुऊन? असेल तर ते स्मूदनिंग किंवा रिबाँडिंगच, वरचं सगळं तुला लागू. की एकच द्रव लावून, तो केसातच ठेवून इस्त्री फिरवली, आणि धुरानं डोळे चुरचुरले? मग ती केराटिन ट्रीटमेंट. तिचा थर तीन-पाच महिन्यांत धुपत जातो आणि कुरळेपणा बऱ्याच अंशी परत येतो, इस्त्रीनं केस भाजला नसेल तर. डोळे चुरचुरले ते बहुधा फॉर्मल्डिहाइडमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते कर्करोगकारक ठरवलेलं आहे, तेव्हा ती वाट पुन्हा धरू नकोस. केस सरळ करण्याचा तिसरा प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडच्या क्रीमचा, म्हणजे रिलॅक्सरचा. तो आफ्रिकन वंशाच्या बायकांत जास्त चालतो, आपल्याकडे क्वचित. मी हा विषय काढला, कारण परदेशी व्हिडिओ बघून मुली त्यातला सल्ला जसाच्या तसा इथे वापरतात. रिलॅक्सर आणि थायो या दोघांचं एकाच केसावर जमत नाही, केस हातात येतो.

तुझ्या वर्णनावरून मला ते स्मूदनिंगच वाटतं, म्हणून पुढे तेच धरून लिहिते.

पर्मिंग करू नकोस. पर्मलाही तेच थायो लागतं, फक्त इस्त्रीच्या जागी गोल रॉड येतात. तुझ्या जुन्या केसांनी ते तीनदा सोसलंय. दोन वेळा 'फक्त मुळांना' लावलं म्हणालीस, पण हात कितीही जपून चालवला तरी क्रीम खाली ओघळतंच. आणखी एकदा लावलं तर पहिले दोन आठवडे सगळे एकसारखे कुरळे दिसतील, मग विंचरताना झुबके निघतील. हे मी ऐकीव सांगत नाही. २००९ च्या सुमारास एका मुलीच्या जुन्या स्मूदनिंगवर मी क्रीम चढू दिलं. कानामागची बट धुताना बेसिनमध्ये आली. ती मुलगी रडली नाही, नुसती आरशात बघत राहिली. तेव्हापासून जुना केस वेगळा बांधून, त्याला जाड कंडिशनर थापल्याशिवाय मी कुणाच्या मुळांना हात लावला नाही, आणि पुढे हळूहळू ते कामच कमी केलं.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. कुरळेपणा परत आणायचा कसा, ही काळजी तुझी नव्हेच, तो आपला आपण येतोय. दोन वेगळ्या जातीचे केस एका डोक्यावर वर्षभर कसे नांदवायचे, हा खरा प्रश्न. ते तुटतात कुठे हे कळलं की अर्धं काम झालं.

एक गळलेला केस घे. पांढऱ्या ताटलीवर ठेव, खिडकीशी ने. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळातून गळलाय. दोन्ही टोकं मोकळी, गाठ नाही, तर तो मधे तुटलाय. असे दहा-बारा केस बघ. बहुतेकांना गाठ दिसली आणि गळती खूप असेल, तर हा विषय पार्लरचा नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासून घे. बहुतेक बिनगाठीचे निघाले तर पुढे वाच.

मग एक शाबूत लांब केस ओला कर आणि मुळाकडून खाली दोन बोटांत हळू सरकवत ने. सहा-सात सेंटिमीटर नागमोडी, जरा खरखरीत लागेल. मग एका जागी बोट अडखळेल आणि तिथून पुढे केस एकदम गुळगुळीत, बारीक, सपाट. ती अडखळण्याची जागा म्हणजे सांधा. आता सांध्याच्या खालचा भाग हलकेच ताण. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका ताणला जाऊन परत येतो. तुझा बहुधा च्युइंग गमसारखा लांबत जाईल आणि तुटेल. वरचा केस जाड आणि वळणदार, खालचा हलका आणि मऊ. विंचरताना, वेणी घालताना, उशीवर मान वळवताना दोघं दोन दिशांना ओढतात, आणि सगळा ताण सांध्यावर येतो. म्हणून मधेच तुटतात.

यावर दोन वाटा आहेत. एक, सांध्यापाशी सगळं कापून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. ज्यांना आखूड केस चालतात त्यांना मी हेच सांगते. तीन महिन्यांत चेहरा उजळलेला दिसतो, कारण केस निरोगी दिसतो. पण तुझं लग्न आहे, आईचा विरोध आहे, आणि तुलाही मनातून नकोय हे तुझ्या प्रश्नातून कळतं. तेव्हा दुसरी वाट: थोडं थोडं कापत जायचं. अजिबात न कापणं ही तिसरी वाट नव्हे. तू नाही कापलंस तर केस स्वतः तुटून कापले जातील, फक्त वाकडेतिकडे.

हिशेब साधा आहे. केस महिन्याला १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत तुझे ६ ते साडेसात सेंटिमीटर नवीन आलेत. लग्नापर्यंत ते १४ ते साडेसतरा होतील, तेही ताणून मोजले तर. कुरळा केस आक्रसतो, म्हणून दिसताना त्याहून कमी. आत्ता कमरेपासून एक वीत कमी कर. आई म्हणेल केवढे कापलेस, पण वेणीच्या शेपटाचा तो भाग असाही उरणार नव्हता. मग दर दोन महिन्यांनी तीन-चार सेंटिमीटर. वाढीपेक्षा कापणं जरा जास्त, म्हणजे सरळ भाग कमी होत जातो आणि सांध्यावरचं ओझंही उतरतं. सगळीकडे सारखी वाढ नसते. मानेवर आणि कानशिलांवर मुली निराश होतात, तिथे केस उशिरा वळतो. डोक्याच्या एका भागाचा कुरळा दुसऱ्याहून सैल असणं हेही नेहमीचंच. आणि पहिल्या इंच-दोन इंचांवरून आपला कुरळेपणा ठरवू नकोस. पुरं वळण बसायला आठ-दहा सेंटिमीटर लागतात, तोवर ते नुसते फुगल्यासारखे दिसतात.

धुण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुटणं निम्मं तिथेच थांबतं. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आदल्या रात्री किंवा तासभर आधी खोबरेल तेल सांध्याला आणि खालच्या भागाला लाव. डोकं तुडुंब भिजवायचं नाही, बोटांना लागलं इतपतच. २००३ साली आपल्याच देशातल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा धुण्यानं होणारी केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं. आजीचं तेल चोपडणं अगदीच वेडं नव्हतं. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. खालच्या केसांना ओघळणारा फेस पुरतो. शिकेकाई वापरत असशील तर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून घे. कोरडी पूड केसात अडकते आणि ती काढताना सांधा तुटतो.

गुंता कोरड्यात काढू नकोस. कंडिशनर सढळ हातानं लाव, केस चार भागांत वाटून पिना लाव, आणि आधी बोटांनी, मग जाड दातांच्या कंगव्यानं. टोकापासून सुरू करून वर वर यायचं. उलट केलंस तर सगळे गुंते सांध्यावर येऊन बसतात. डाव्या हाताच्या मुठीत बट सांध्याच्या जरा खाली धर, म्हणजे ओढ मुठीवर येईल, केसावर नाही. पहिल्यांदा ४० मिनिटं लागतील, चार-पाच धुण्यांनंतर पंधरा. फणी तर या वर्षी कपाटात ठेव. टॉवेलनं खसखसून पुसायचं नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन टिपून घे, लुगडं जितकं जुनं तितकं बरं.

अंडं, दही, केळं याबद्दल विचारलंयस. केस मऊ वाटतो तेवढाच. अंड्यातल्या प्रथिनाचे कण केसात शिरण्याइतके लहान नसतात, तुटलेलं त्यानं सांधलं जात नाही. काळी मेहंदी लावत असशील तर थांबव. तिच्यात बऱ्याचदा रसायनाचा रंग असतो आणि काहींच्या टाळूला त्याची जबर ॲलर्जी येते. साधी मेहंदीही नवीन वळण सैल करते, या वर्षी नको.

गुंत्यावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तीन वर्षांपूर्वी सौंदत्तीच्या रस्त्यावरच्या एका गावातून आजी आणि नात आल्या. मुलगी तुझ्यासारखीच, वरचे कुरळे आणि खालचे स्मूदनिंगचे. महिना-दीड महिना तापात होती, केस धुतलेच नव्हते. मानेवर तळहाताएवढा केसांचा गठ्ठा झालेला. आजी दबक्या आवाजात म्हणाली, 'यल्लम्माची जट आलीय, हिला आता देवीचं करावं लागेल.' मुलीचा हात थंडगार पडला होता. आपल्या भागात या शब्दामागे काय काय आहे ते तुला सांगायला नको: जट आली म्हणजे देवीनं बोलावलं असं मानून मुलीला देवदासी म्हणून वाहायचे. १९८२ साली देवदासी प्रतिबंधक कायदा झाला, तरी भीती घराघरात शिल्लक आहे. मी आजीला बाजूला बसवलं, चहा दिला, आणि गठ्ठ्यातला एक केस सोडवून तिच्या हातात ठेवला. गळलेले केस बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं खरखरीत नव्या केसांत अडकतात, खालचा मऊ केस त्यांच्याभोवती गुंडाळला जातो, घाम आणि तेल त्याला चिकटवतं. एवढंच असतं ते. तेल, कंडिशनर, एक पिन, आणि पावणेचार तास. कात्री लागली ती फक्त शेवटच्या चिमूटभर केसांना. आजी जाताना देवीला नमस्कार करून गेली, आणि मुलीनं पहिल्यांदाच मान वळवून मागे बघितलं. तुझ्या मानेवर कधी गुठळी लागली तर घाबरू नकोस आणि कुणाला घाबरवू देऊ नकोस. तेल लाव, बोटं चालव, नाही जमलं तर माणूस शोध.

पाण्याचंही बघ की. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं नळाचं पाणी येतं, ते बरं. पण उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर आलं की माझ्याकडच्या मुलींचे केस आठवड्याभरात काथ्यासारखे होतात. ओळखायला सोपं आहे: पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी कड धरते. असं पाणी असेल तर शेवटचा तांब्या उकळून गार केलेल्या पाण्याचा घे. लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घातलास तर केसाचे खवले मिटून बसतात, याहून जास्त आंबट नको. पावसाळ्यात तर तुझ्या अंगणातच सोय आहे. पहिले दोन-चार पाऊस कौलं धुऊन जाऊ देत, मग पागोळ्यांखाली घागर लाव. त्या पाण्यानं धुतलेला केस आणि बोअरच्या पाण्यानं धुतलेला केस यातला फरक हाताला कळतो.

मात्र खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे जूनपासून केस वाळतच नाहीत. ओले केस वेणीत बांधून कामाला जाणं हा त्या बाजूच्या मुलींचा नेहमीचा घात. वास येतो, कोंडा होतो, आणि ओला केस कोरड्याहून जास्त लवकर तुटतो. संध्याकाळी धुण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी धू. पंख्याखाली, नाहीतर ड्रायरच्या गार वाऱ्यावर वाळव. चुलीपुढे केस शेकत बसू नकोस. हवा दमट असली की वरचे फुगतील आणि खालचे चिपचिपीत पडतील, हे आपल्या हातात नाही. डिसेंबरात कोरडं वारं सुटलं की उलट होईल, तेव्हा ओल्या केसावर दोन थेंब तेल हातावर चोळून फिरव.

दिसण्याच्या दृष्टीनं सगळ्यात उपयोगी पडेल ते जवसाचं जेल, आपल्याकडे अगशी म्हणतात ती. चटणीला आणतेस तीच, न भाजलेली. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर हलवत राहा. साधारण दहा मिनिटांत चमचा उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लागेल, तेव्हा लगेच गाळ. गार झाल्यावर गाळायला गेलीस तर फडक्यातून एक थेंब पडणार नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसावर लावून बटा-बटांना दोन पेडांचा पीळ घाल, टोकं कापडाच्या चिंधीवर गुंडाळ, वाळल्यावर सोड. खालच्या सरळ केसांना तेवढ्यापुरतं वळण येतं आणि वरच्यांशी मिळतं. इस्त्री लागत नाही, केस कुरळे करायची तापती टाँग लागत नाही, रसायन तर नाहीच. रात्री सैल वेणी, उशीला सॅटिनचा अभ्रा. शहापूरच्या खडेबाजारात परकराचं सॅटिन मीटरवर मिळतं, अर्धा मीटर पुरतो.

आईशी बोलताना केसांचं शास्त्र सांगत बसू नकोस. तिला भीती आहे ती लग्नात लेकीचा अंबाडा बारका दिसेल याची, आणि चारजणी काहीतरी म्हणतील याची. तिला धुतल्यानंतर तुटलेल्या केसांची ताटली दाखव. आणि सांग की अंबाड्याला गंगावन लागणारच, ते लांब केसवाल्या नवऱ्याही लावतात. माझ्याकडे नटायला येणाऱ्या दहा नवऱ्यांपैकी आठ जणींच्या अंबाड्यात ते असतं. तुझ्या पुढच्या कुरळ्या बटा तशाच मोकळ्या सोडल्या तर मुंडावळ्यांच्या बाजूनं इतक्या सुंदर दिसतील की पार्लरवाल्या ज्यांचे सरळ आहेत त्यांना टाँग फिरवून तेच करतात.

नटवायला जी कुणी येईल तिला महिनाभर आधी घरी बोलाव, केस ओले करून दाखव आणि सांधा तिच्या बोटाला लागू दे. त्या दिवशी इस्त्री चालणार नाही, उलटं विंचरून केस फुगवणं चालणार नाही, हे तेव्हाच ठरवून घ्या. अंबाड्याच्या पिना सांध्याच्या वर, कुरळ्या केसात रोवायच्या, तिथे त्या घट्ट बसतात. गजरा रबरात आवळण्याऐवजी सुईदोऱ्यानं गंगावनाला टाचून घ्या, आणि रात्री उतरवताना आधी गजरा, मग गंगावन, मग पिना, या क्रमानं काढा. झोप आली म्हणून सगळं एकदम ओढू नकोस, हातात मोगरा आणि केस दोन्ही येतील.